ब्रेन गनचा वाकडेपणा

ब्रेन गनच्या चित्राकडे पाहिलं की नजर आधी जाते ती वरच्या वाकड्या मॅगझिनवर. बहुतेक मशीनगनांना काडतुसं खालून किंवा बाजूने मिळतात. हिच्या डोक्यावर मात्र पुढे झुकलेला लोखंडी डबा आहे. तो मध्ये येतो म्हणून नेम धरायची सोयही मधोमध नाही, डावीकडे सरकवलेली. रिकामी टोपणं उजवीकडे उडण्याऐवजी खाली जमिनीवर पडतात. नळीला वरून एक लाकडी मूठ आहे आणि पुढचे दोन पाय नळीला जोडलेलेच नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, की कुणीतरी घाईघाईत सुटे भाग जुळवले असावेत. खरी गोष्ट उलटी आहे. यातला एकही भाग उगाच तिथे नाही, आणि बरीचशी कारणं शोधत मागे गेलं तर आपण एका जुन्या ब्रिटिश काडतुसापाशी येऊन थांबतो.

ते काडतूस म्हणजे .३०३. आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हटलं की पोलिसाच्या खांद्यावरची लांबलचक रायफल डोळ्यांपुढे येते. हे तिचंच काडतूस. ब्रिटिश सैन्याने ते १८८८ मध्ये स्वीकारलं, तेव्हा त्यात काळी दारू भरत. काही वर्षांतच कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली, पण पितळी टोपणाचा आकार तोच राहिला. या टोपणाच्या बुडाशी बाहेर आलेली एक कड असते. रायफलीत काडतूस सरकवलं की ही कड नळीच्या तोंडाशी अडते आणि काडतूस नेमकं जागेवर बसतं. कारखान्यात मापं थोडी पुढेमागे झाली तरी चालून जातं. साध्या रायफलीसाठी ही उत्तम सोय होती.

आपोआप चालणाऱ्या बंदुकीत मात्र हीच कड आडवी येते. काडतुसं एकावर एक रचली आणि वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर पुढे ढकललेलं काडतूस शेजाऱ्यालाही ओढू लागतं आणि बंदूक तिथेच अडते. जर्मन, फ्रेंच, इटालियन या सगळ्यांच्या काडतुसांचे प्रश्न आपापले होते. पण जर्मनांचं ७.९२ मिलिमीटरचं काडतूस बिनकडेचं, त्यामुळे मशीनगनवाल्यांना सोपं. ब्रिटिशांनाही हे कळत होतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी त्यांनी बिनकडेच्या नव्या काडतुसाचा विचार केला होता. तोवर युद्ध सुरू झालं, आणि संपलं तेव्हा .३०३ ची काडतुसं, रायफली आणि ती बनवणारी यंत्रं इतकी साठली होती की बदलाचा विषयच मागे पडला. नवी बंदूक घ्यायची तर तिनेच जुन्या काडतुसाशी जुळवून घ्यायचं, असं ठरलं.

हे जुळवून घेणं कसं झालं ते मॅगझिनमध्ये दिसतं. .३०३ चं काडतूस बुडाशी जाड, वर निमुळतं. त्यात कडेची जाडी आणखी. अशी काडतुसं एकमेकांना लावत गेलं की रांग सरळ राहूच शकत नाही. विहिरीचं गोल बांधकाम करताना गवंडी निमुळते दगड लावत जातो आणि भिंत आपोआप वळते, तसंच हे. जाड बुडं बाहेरच्या बाजूला, गोळ्यांची टोकं आतल्या बाजूला. डब्याचा बाक म्हणजे याच रांगेचा बाक. मॅगझीन भरायचीही रीत ठरलेली होती. प्रत्येक नवं काडतूस घालताना त्याची कड आधीच्या काडतुसाच्या कडेपुढे यायला हवी, म्हणजे बाहेर पडताना ते कुणालाही न अडखळता सुटतं. डब्यात ३० काडतुसं मावत. शिपाई बहुधा २८ भरत, स्प्रिंगवर फार ताण नको म्हणून. हे काम हाताने, काळजीने करावं लागे. थंडीत बोटं आखडलेली असताना एक कड उलटी बसली तर त्याचा हिशेब नेमका गोळीबाराच्या वेळी चुकता होई.

मुळात या बंदुकीचा जन्म या काडतुसासाठी झालाच नव्हता. ती चेकोस्लोव्हाकियातली. वाक्लाव होलेक नावाच्या बंदूककाराने १९२० च्या दशकात आधी प्राग इथे पट्ट्याने काडतुसं घेणारी एक हलकी मशीनगन बनवली, मग तीच सुधारत मॅगझिनवर आणली. प्रागच्या कंपनीची आर्थिक स्थिती ढासळली आणि काम ब्रनो शहरातल्या झब्रोयोव्का या शस्त्र कारखान्याकडे गेलं. तिथे जी बंदूक तयार झाली ती झेडबी-२६. चेक सैन्याने ती १९२६ मध्ये घेतली. तिचं मॅगझीन २० काडतुसांचं आणि सरळ होतं, कारण काडतूस बिनकडेचं ७.९२.

ब्रिटिशांना पहिल्या महायुद्धातल्या लुइस गनच्या जागी काहीतरी हवं होतं. लुइस गन जड, डोक्यावर गोल थाळी, आणि अडकण्याचे प्रकार इतके की ते पाठ करणं हाच प्रशिक्षणाचा मोठा भाग. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या बंदुकांच्या चाचण्या झाल्या आणि चेक बंदूक पुढे आली. मग तिला .३०३ साठी बदलायचं काम सुरू झालं. मॅगझीन वाकडं झालं. नळीवरचे थंडाव्यासाठीचे कंगोरे गेले. आणखी एक बदल बाहेरून सहज लक्षात येत नाही, पण तो महत्त्वाचा. चेक बंदुकीत नळीतून वायू बाहेर घेण्याचं छिद्र नळीच्या तोंडाजवळ होतं. ब्रिटिश कॉर्डाइट जळल्यावर काजळी जास्त धरायची आणि तोंडाजवळचा वायू थोडा निवलेला असल्याने ती तिथे साचायची. म्हणून छिद्र मागे, मुठीच्या दिशेने सरकवलं. वायू गरम, काजळी कमी. १९३५ मध्ये परवान्याचा करार झाला आणि ब्रनोची पहिली अक्षरं एनफील्ड या इंग्लिश कारखान्याच्या पहिल्या अक्षरांना जोडून ‘ब्रेन’ हे नाव ठरलं. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये एनफील्डमधून बंदुका बाहेर पडू लागल्या.

आता मॅगझीन वरच का, हा प्रश्न राहतो. काही जण म्हणतात, वजनाने काडतूस खाली येतं म्हणून. ते थोडंफार खरं असेल, पण काडतूस ढकलण्याचं मुख्य काम स्प्रिंगच करते. खरा फायदा जमिनीचा आहे. मॅगझीन खाली असतं तर बंदूक तेवढी उंच धरावी लागली असती आणि मागे पालथा पडलेला शिपाईही तेवढाच वर आला असता. वर मॅगझीन असल्याने बंदूक जमिनीला चिकटून राहते. शिवाय शेजारी पडलेला माणूस हात लांबवून रिकामं मॅगझीन काढतो, भरलेलं लावतो. बंदूक चालवणाऱ्याला खांदा हलवावा लागत नाही. तोटाही आहे. नेम डाव्या बाजूने, म्हणून डावखुऱ्याने ही बंदूक खांद्याला लावणं जवळपास अशक्य. सैन्याने डावखुऱ्यांना उजव्या खांद्याने मारायला शिकवलं आणि विषय संपवला.

आत काय चालतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. गोळी सुटायच्या आधी ब्रेनची नळी रिकामी असते. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं दार, मागे अडकवलेला असतो, मॅगझीन त्याच्या पुढे वर. डाव्या बाजूला एक लहान दांडी आहे, तिच्या तीन जागा. पुढे सलग गोळीबार, मध्ये सुरक्षित, मागे एकेक गोळी. चाप ओढला की बोल्टला अडवणारी जीभ खाली होते. मागे बटमध्ये दाबून ठेवलेली स्प्रिंग दट्ट्याला पुढे लोटते आणि दट्ट्यावर बसलेला बोल्टही पुढे निघतो. जाता जाता बोल्टची वरची धार मॅगझिनमधल्या सगळ्यात खालच्या काडतुसाच्या बुडाला लागते आणि ते पुढे नळीत सरकतं. काडतूस बसलं की बोल्ट थांबतो, पण दट्ट्या अजून पुढे येत असतो. त्याच्यावरच्या उंचवट्यामुळे बोल्टचा मागचा भाग वर उचलला जातो आणि बंदुकीच्या छतातल्या खाचेत जाऊन घट्ट अडकतो. दार लागलं. आता दट्ट्याच्या उरलेल्या प्रवासात तोच उंचवटा आतल्या सुईवर आदळतो आणि गोळी सुटते.

इथे होलेकच्या रचनेतलं शहाणपण दिसतं. दार पूर्ण लागल्याशिवाय सुईपर्यंत मार पोचतच नाही. वेगळा सुरक्षा-भाग लावावा लागत नाही. चाल अशी बांधली आहे की चुकीच्या क्रमाने काही घडूच नये.

गोळी नळीतून पुढे जाताना त्या छिद्रापाशी पोचते. मागचा तापलेला वायू थोडासा छिद्रातून खाली उतरतो आणि नळीखालच्या लांब नळकांड्यात दट्ट्याच्या डोक्यावर आदळतो. दट्ट्या मागे सरकतो. पण लगेच बोल्ट उघडत नाही. दट्ट्याला आधी थोडं अंतर मोकळं जावं लागतं. तेवढ्यात गोळी तोंडाबाहेर पडलेली असते आणि नळीतला दाब उतरलेला असतो. मग उंचवटा मागे गेल्याने बोल्टची शेपूट खाली उतरते, दार सुटतं, आकडा रिकामं टोपण ओढून काढतो आणि ते दट्ट्याच्या मधल्या फटीतून खाली पडतं. सगळं मागे जाऊन स्प्रिंगवर दाबलं जातं. चाप अजून ओढलेलाच असेल तर पुन्हा पुढे. मिनिटाला साधारण ५०० गोळ्यांचा वेग, म्हणजे वरचं सगळं सेकंदाच्या आठव्या भागात एकदा घडतं. यात नळी आणि मधला सांगाडा बटवर किंचित मागेपुढे सरकतो, त्यामुळे खांद्याला बसणारा झटका बराच मऊ होतो. ब्रेनच्या नेमकेपणाची स्तुती करणारे बहुतेक जण या बारकाव्याचं नावही घेत नाहीत.

बोल्ट मागे ठेवून सुरुवात करण्याचं कारणही उष्णता. शंभर गोळ्या मारल्यावर नळी तापलेली असते. बोल्ट पुढे, काडतूस आत अशी बंदूक ठेवली तर तापलेल्या नळीत काडतूस आपोआप पेटण्याचा धोका राहतो. मागे ठेवला तर नळी दोन्ही टोकांनी उघडी, हवा फिरते. किंमत अशी की चाप ओढल्यावर आधी जड बोल्ट पुढे झेपावतो आणि मग गोळी सुटते. एकेक गोळी मारताना नेम हलू नये म्हणून सराव लागतो.

वायूच्या छिद्रापाशी एक रेग्युलेटर आहे, चार वेगवेगळ्या मापांच्या भोकांचा. बंदूक स्वच्छ असेल तर लहान भोक पुरतं. धूळ, चिखल, काजळी वाढली की दट्ट्या सुस्त होतो. तेव्हा मोठं भोक निवडायचं, म्हणजे जास्त वायू. प्रशिक्षणातही तसंच शिकवत. बंदूक अडली तर आधी दांडी ओढून मागे न्यायची, मॅगझीन बदलायचं, पुन्हा मारायचं. पुन्हा अडली तर रेग्युलेटर पुढच्या भोकावर. बहुतेक रोग या दोन उपायांत बरे होत. विचार करायला वेळ नसताना हातांना ठाऊक असलेलं औषध हवं, हे ज्याने कुणी ठरवलं त्याला लढाई समजली होती.

साफसफाईसाठी बंदूक पाच गटांत सुटते. दट्ट्याचा गट, नळी, बट, सांगाडा आणि पाय. एनसीसीत हत्यारं हाताळलेल्या जुन्या कॅडेटांना ‘खोलना-जोडना’ ही कवायत आठवत असेल. त्या कवायतीसाठी याहून सोपी मशीनगन शोधून सापडणार नाही. उलट ती बनवणं मात्र अजिबात सोपं नव्हतं. मधला सांगाडा पोलादाच्या एका घडीव ठोकळ्यातून कोरून काढावा लागे. त्यासाठी कुशल कामगार आणि यंत्रांचे तास ढिगाने लागत.

आता नळी. सलग गोळीबारात तीच आधी थकते. नियम असा होता की मिनिटाला चार मॅगझिनांच्या वेगाने दहा मॅगझिनं झाली की नळी बदलायची. म्हणजे अडीच मिनिटांत. बाजूची एक कडी वर केली की नळीचं कुलूप सुटतं, आणि वरची लाकडी मूठ धरून नळी पुढे काढता येते. ती मूठ नळीलाच जोडलेली आहे, म्हणून तापलेल्या लोखंडाला हात लावावा लागत नाही. पाय खालच्या नळकांड्याला जोडलेले असल्याने नळी निघाली तरी बंदूक पायांवर उभीच राहते, दिशा सुटत नाही. सराव झालेली जोडी हे काम काही सेकंदांत उरकत असे. जुनी नळी बाजूला निवत पडते, दुसरी चालू. ज्याला ही बंदूक विचित्र दिसत होती त्याला या टप्प्यावर ती पटायला लागते.

जोडी म्हणालो, कारण ब्रेन एकट्याची बंदूक नव्हतीच. ‘नंबर एक’ चालवणार, ‘नंबर दोन’ मॅगझिनं लावणार, नळी बदलणार, गोळ्या कुठे पडतायत ते सांगणार. पहिल्या नमुन्याचं वजन सुमारे १० किलो. एका काडतुसाचं वजन साधारण २५ ग्रॅम. २८ काडतुसांचे ७०० ग्रॅम, वर डब्याचं वजन. दोघांनी किती वाहायचं? म्हणून ओझं सगळ्या सेक्शनमध्ये वाटलं. १९३७ च्या ब्रिटिश पट्ट्यावरच्या छातीजवळच्या पिशव्या ब्रेनची मॅगझिनं मावतील अशाच मापाने शिवल्या होत्या, आणि सेक्शनमधला प्रत्येक रायफलवाला दोनेक मॅगझिनं वागवत असे. साधारण दहा जणांच्या सेक्शनमध्ये ब्रेनवाले तिघे एका जागी थांबून शत्रूचं डोकं खाली ठेवणार आणि रायफलवाले बाजूने पुढे सरकणार, हा शिरस्ता.

जर्मनांचं गणित वेगळं होतं. त्यांच्या एमजी-४२ चा वेग मिनिटाला १,२०० च्या आसपास, आणि तिला पट्ट्याने काडतुसं मिळत. सेकंदाला वीस गोळ्या म्हणजे सेकंदाला अर्धा किलो धातू. तिथे सेक्शनच मशीनगनभोवती उभं असे. रायफलवाले तिच्यासाठी काडतुसं वाहायचे. कोणती पद्धत चांगली, यावर आजही वाद घालणारे घालतात. ब्रेनबद्दल एक तक्रार नेहमी सांगितली जाते की ती जरा जास्तच नेमकी होती, गोळ्या एकाच जागी जात, पसरत नसत. मला ही तक्रार निम्मी कौतुकाची वाटते. ३० काडतुसांच्या डब्याने भिंत उभी करता येत नाही. चार-पाच गोळ्यांचे छोटे झटके मारून एका खिडकीचं, एका दगडाआडच्या माणसाचं तोंड बंद करता येतं, आणि ब्रेन त्यासाठीच केलेली होती.

समोरच्या मशीनगनचा अर्थ काय असतो, हे नाईक यशवंत घाडगे यांच्या गोष्टीतून कळतं. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन कडाडली आणि घाडगे सोडून बाकी सगळे एकतर मेले किंवा जखमी झाले. मागून आधार द्यायला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी धावत जाऊन बॉम्ब टाकून मशीनगन आणि तिचा चालक संपवला, आणि उरलेल्यांशी हातघाईची लढाई केली. शेवटी शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना मारलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीने वेढलेल्या सान मारिनोत झालेल्या लढाईसाठी नवव्या गुरखा रायफल्सच्या शेर बहादूर थापांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते स्वतः ब्रेनचे ‘नंबर एक’ होते आणि उघड्या कड्यावर एकटे पुढे जाऊन मागे फिरणाऱ्या साथीदारांना त्यांनी वाचवलं.

ब्रेनची सुरुवातीची वर्षं मात्र हाल करणारी होती. १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत ब्रिटिश सैन्याकडे ३०,००० हून अधिक ब्रेन आल्या होत्या. डंकर्कहून सैन्य परतलं तेव्हा बहुतेक फ्रान्समध्येच राहिल्या होत्या. हाती उरल्या सुमारे २,३००. एनफील्डवर एक बॉम्ब नीट पडला तर सगळंच थांबेल, ही भीती होती. त्यामुळे बनवायला सोपा असा दुसरा नमुना आला, काम इतर कारखान्यांत वाटलं गेलं. कॅनडात टोरोंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने लाखाच्या वर ब्रेन बनवल्या, आणि ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यातही त्या बनल्या. १९४४ मध्ये आखूड नळीचा, पावणेनऊ किलोंचा नमुना आला. तो छत्रीधारी सैनिकांना आणि जंगलातल्या लढाईला सोयीचा.

तिकडे १९३९ च्या मार्चमध्ये जर्मनांनी ब्रनोसकट चेक भूमी ताब्यात घेतली होती आणि होलेकच्या मूळ बंदुका जर्मन सैन्यात वेगळ्या नावाने दाखल झाल्या. चीनकडे झेडबी-२६ आधीपासून भरपूर होत्या. कॅनडाने त्यांच्यासाठी ७.९२ च्या ब्रेनही बनवल्या. म्हणजे त्या वर्षांत एकाच माणसाच्या आराखड्यातून निघालेल्या बंदुका आघाडीच्या दोन्ही बाजूंना होत्या.

भारतात गोष्ट थोडी वाकड्या वाटेने आली. ब्रिटनमध्ये चाचण्या चालू असताना स्पर्धेतली एक बंदूक होती व्हिकर्स-बर्थियर. मूळ आराखडा फ्रेंच, हक्क ब्रिटिश कंपनीचे. दिसायला बरीचशी ब्रेनसारखी, वर तसंच वाकडं ३० चं मॅगझीन, कारण काडतूस तेच. ब्रिटनने ब्रेन घेतली, पण भारतीय सैन्याने १९३३ मध्ये व्हिकर्स-बर्थियर स्वीकारली आणि बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात ती बनवायला घेतली. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत गेलेल्या भारतीय तुकड्यांच्या फोटोंत ती दिसते, आणि फोटोखाली अनेकदा ‘ब्रेन’ असं लिहिलेलं असतं. युद्ध वाढल्यावर सगळीकडे एकच बंदूक असावी म्हणून ईशापूरमध्येही १९४२ पासून ब्रेन सुरू झाली.

काडतुसांच्या बाजूने महाराष्ट्राचा संबंध त्याहून जुना आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथे बनलेल्या .३०३ टोपणांच्या बुडावर ‘के-एफ’ ही रोमन अक्षरं ठोकलेली असतात, खडकीच्या जुन्या इंग्रजी नावावरून. परदेशांत जुनी टोपणं गोळा करणाऱ्यांच्या संग्रहांत ही दोन अक्षरं हमखास सापडतात.

स्वातंत्र्यानंतर ब्रेन भारतीय पायदळाची मुख्य हलकी मशीनगन राहिली, आणि सैन्यातल्या बोलीत ‘एलएमजी’ म्हणजे तीच. काश्मीरच्या युद्धात ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेराजवळ तैनधारच्या दुसऱ्या चौकीवर नाईक जदुनाथ सिंग आणि त्यांचे आठ साथीदार होते. एकामागून एक हल्ले आले. दुसऱ्या हल्ल्यात सगळे घायाळ झाल्यावर जदुनाथ सिंगांनी जखमी ब्रेनचालकाच्या हातून बंदूक घेऊन स्वतः गोळीबार चालू ठेवला. तिसऱ्या हल्ल्यावर ते स्टेनगन घेऊन एकटे तुटून पडले आणि मारले गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनशी झालेल्या युद्धात रेझांग ला इथे, १६,००० फुटांहून अधिक उंचीवर, १३ कुमाऊंच्या सी कंपनीच्या हातातही हेच .३०३ होतं. जवळपास पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या काडतुसाने आधुनिक सैन्याशी लढायचं, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

उत्तर तोवर जगात तयार होतं. नाटोने १९५० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरचं बिनकडेचं काडतूस ठरवलं होतं. भारताने ते नव्या सेल्फ-लोडिंग रायफलीसाठी घेतलं. मग त्याच काडतुसावर मशीनगनही हवी. इथे ब्रेनचा जुना गुण कामी आला. मूळ रचना बिनकडेच्या काडतुसासाठीच केलेली होती, त्यामुळे नळी, बोल्ट आणि मॅगझीन बदलून ती सहज परतली. ब्रिटनमध्ये अशा बदललेल्या ब्रेनला एल-४ म्हणाले, आपल्याकडे ७.६२ मिलिमीटर १बी. दोन्हींचं मॅगझीन जवळपास सरळ आहे, किंचित बाक असलेलं. ब्रिटनच्या एल-४ मध्ये तर गरज पडल्यास त्यांच्या रायफलीचं २० काडतुसांचं मॅगझीनही उलटं करून वर बसे. ब्रिटिशांनी ही बंदूक १९८२ च्या फॉकलंड युद्धात आणि काही तुकड्यांनी १९९१ च्या आखाती युद्धातही वापरली. साठीच्या आसपास पोचलेल्या आराखड्याला हा मान क्वचित मिळतो. या ७.६२ च्या काडतुसांपैकी बरीच जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनली.

आपल्याकडे १बी चं उत्पादन एकविसाव्या शतकात शिरल्यावरही चालू राहिलं. सैन्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ५.५६ मिलिमीटरची इन्सास एलएमजी आली, पण तिचं हलकं काडतूस लांब पल्ल्यावर कमी पडतं अशी कुरबूर तिच्यासोबतच आली, आणि अनेक तुकड्यांनी १बी सोडायला खळखळ केली. इन्सासच्या टीकाकारांनी तिला जितकी नावं ठेवली तितकी ती वाईट होती असं मला वाटत नाही. मात्र जुन्या बंदुकीशी तुलना होणं तिच्या वाट्याला अटळ होतं.

मार्च २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने इस्रायलच्या कंपनीशी १६,४७९ निगेव्ह मशीनगनांसाठी सुमारे ८८० कोटी रुपयांचा करार केला. काडतूस तेच ७.६२, वजन आठ किलोंच्या आत, काडतुसं पट्ट्याने, वेग बराच जास्त. म्हणजे एका अर्थाने आपण शेवटी जर्मन गणिताकडे वळलो आहोत, भरपूर गोळ्या आणि त्या वाहायला जास्त माणसं. निगेव्हचीही नळी पटकन बदलता येते. पट्टा मात्र शेजारच्याने हात लांबवून लावायचा ब्रेनच्या डब्याइतका सोपा नाही. झाकण उघडावं लागतं, पट्टा नीट बसवावा लागतो, आणि हे काम सहसा बंदूक चालवणाऱ्यालाच करावं लागतं.